आत कोण होतं

राजाजीनगर, बेंगळूरु
९ जानेवारी २०२५

शिवलीला अक्कांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मल्हार. खासदार सूर्यकांत अण्णांच्या घरी वरच्या खोलीत राहतो आणि त्यांचं आत्मचरित्र लिहितो. म्हणजे आयुष्य त्यांचं, हात माझा. शिक्षण विचाराल तर बारावी अर्धी. नंतर गोव्यात एका हॉटेलात भांडी, मग हंपीला सायकली भाड्यानं देणाऱ्याकडे, मग एका ट्रकवर कोचीपर्यंत. कोचीचं सांगण्यासारखं खूप आहे, पण ते राहू दे. इथे आतेभाऊ निहारकडे आठ दिवसांसाठी आलो होतो. अण्णांच्या एका कार्यक्रमात खुर्च्या लावायला गेलो. कुणीतरी त्यांना मराठी भाषण इतकं जड लिहून दिलेलं की त्यांनाच वाचता येईना. मी स्टेजमागे बसून सोपं करून दिलं. त्या आठ दिवसांचे आता अकरा महिने झालेत.

कामाचं लिहितो. जूनमध्ये पुस्तकाचं दिल्लीत प्रकाशन आहे. अण्णांना मंत्री करणार असं सगळे हळू आवाजात बोलतात, म्हणून पुस्तक वेळेवर हवं. तिसरं प्रकरण औषधाच्या कारखान्याचं. अण्णा तेव्हा कन्नड पेपरात बातमीदार होते. हमाल बनून अकरा दिवस आत राहिले. मुलांच्या तापाचं मुदत संपलेलं औषध नवी लेबलं लावून परत बाजारात जातंय हे पाहिलं, आणि तिथल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून घरच्या मराठीत टिपून ठेवलं. बातमी आली, कारखाना बंद झाला, अण्णा देशभर माहीत झाले. हे त्यांनी मला मोबाइलवर बोलून दिलं, बारा मिनिटं. त्यातली नऊ मिनिटं मी भाषणांत ऐकलेली.

मी विचारलं, आत वास कसला यायचा? म्हणाले, "औषधाचा." जेवायला कुठे बसायचात? "आतच." अक्का, यावर मी पानं कशी भरू? शेवटी म्हणाले, "होसकोट्याला शिवलीला अक्का आहेत, तिथे कामाला होत्या. त्यांना विचार. कागदावर विचार, फोन नको." फोनला ते घाबरतात. पत्रकार होते ना, स्वतः किती जणांना टेप केलं असेल!

तर आतलं जे आठवेल ते लिहा. अण्णा तिथे कसे दिसायचे तेही.

तुमचा,
मल्हार

——

होसकोटे
१७ जानेवारी

चि. मल्हारास आशीर्वाद.

पाकिटावर खासदारांचा शिक्का नको, बा. आमच्या गल्लीत पोस्टमन आला की चार दारं उघडतात. मी विमा कंपनीचं पत्र आहे म्हणून सांगितलं. पुढचं साध्या पाकिटात पाठव.

वास संत्र्याचा. सिरप संत्र्याच्या चवीचं होतं. अजून कुणी समोर संत्रं सोललं तर मी उठून बाहेर जाते. जुन्या बाटल्या कोमट पाण्याच्या पिंपात टाकायच्या, लेबल सुटलं की राहिलेला डिंक नखानं खरवडायचा. संध्याकाळी नखं भिजलेल्या कागदासारखी व्हायची. जेवण मागच्या पत्र्याखाली. अर्धा तास म्हणायचे, वीस मिनिटांत घंटा.

काचेच्या बांगड्या आत चालत नव्हत्या, फुटली तर काच बाटलीत जाईल म्हणून. लग्न झालेल्या बाया काढायला तयार नाहीत. स्वल्प भांडण झालं. मग तोड निघाली, बांगड्यांवर पांढरी सुती फीत गुंडाळायची. दारात एक बाई फितीची रिळं घेऊन बसायची. दिवसभर हात मुके.

अण्णा कसे दिसायचे विचारलंस. हमाल पुष्कळ होते. मी मान वर करून बघणाऱ्यातली नव्हते.

कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या गल्लीतल्या एकवीस बाया घरी बसल्या. कुणाचं शिक्षण थांबलं, कुणाचं लग्न मोडलं. ज्यानं बाहेर सांगितलं त्याला अजून शिव्या घालतात. खासदाराला कोण काय करणार, म्हणून नुसत्या शिव्या. पण माझं नाव पुस्तकात कुठेही नको. सरी, कबूल ना?

शिवलीला

——

राजाजीनगर
२९ जानेवारी

अक्का,

प्रकरण झालं! दोन दिवसांत एकोणीस पानं. संत्र्याचा वास पहिल्याच ओळीत. आणि तुमच्या फितीनं तर जीव आणला. अण्णांच्या हातात लोखंडी कडं असतं ना, त्यावर गुंडाळली. लिहिलं, "दारात माझ्या कड्यावर पांढरी फीत चढली आणि माझा हात मुका झाला." अण्णांनी ती ओळ दोनदा वाचली.  मग "छान" म्हणाले. त्यांच्या जुन्या पेपरला प्रकरण इतकं आवडलं की ते कन्नड करून १६ फेब्रुवारीच्या रविवार पुरवणीत छापणार आहेत.

आता दुसरं. हे लिहू की नको म्हणून दोन दिवस फिरत होतो. फिरताना मल्लेश्वरमला एक म्हातारा पिंजऱ्यातला पोपट घेऊन भविष्य सांगत होता. पोपटानं चिठ्ठी काढायलाच नकार दिला. म्हातारा म्हणाला, "तुझं पुढचं त्यालाही दिसत नाही." तर ते जाऊ दे.

अण्णांच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ती वही आहे, आतली. शाळेतली मुलं येतात, लोक तिच्यासोबत फोटो काढतात. परवा मी काच पुसत होतो. वहीतल्या अक्षराला वरची रेघ नाही आणि सगळी अक्षरं डावीकडे कललेली, वारा लागल्यासारखी. खिशात तुमचं पत्र होतं. काढून काचेशेजारी धरलं. दोन्हीकडे तोच वारा.

अण्णांचं अक्षर मी रोज बघतो. ते मोठं आणि गोल आहे.

अक्का, वही कुणाची?

मल्हार

——

होसकोटे
४ फेब्रुवारी

मल्हार,

तुझ्या पहिल्या पत्राला उत्तरच द्यायला नको होतं. पण चौदा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, आत वास कसला यायचा म्हणून.

वही माझी. अण्णा कधीच आत आले नाहीत. त्यांची आई आणि माझी आई एका गावच्या. एका लग्नात पंगतीत शेजारी बसलो होतो, मी बोलून गेले. ते म्हणाले, "अक्का, रोज काय दिसतं ते लिहून ठेव, मराठीत लिही." मी अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत लिहिलं. सुपरवायझरनं विचारलं तर म्हणायची, देवाची गाणी.

बातमी आल्यावर मालकाची माणसं गल्लीत आली. दार दार विचारत होती, आतलं कोणी सांगितलं? अण्णांना कळलं. त्याच दिवशी टीव्हीवर बोलले, "कुणाला शोधू नका, आत मीच होतो." माणसं परत गेली. मी त्यांच्या नावानं देवापुढे दिवा लावला. मग त्यांना पुरस्कार मिळाला, मग तिकीट, मग दिल्ली. खोटं माझ्यासाठी बोलले होते. आता त्यावर त्यांचं अख्खं घर उभं आहे आणि त्याच्या खाली मी.

ते असू दे. मी सोसलंय. पण मल्हार, ती फीत काढ. हमाल लेबलं खरवडायच्या हॉलमध्ये येतच नसत आणि फीत फक्त बांगड्यांवाल्या बायांना होती. आमच्यातली कुणीही ते वाचलं की तिला कळणार, सांगणारी बाईच होती आणि आमच्यातली होती. १६ च्या आत काढ. हात जोडते.

शिवलीला

——

राजाजीनगर
२१ फेब्रुवारी

अक्का,

तुमचं पत्र आज उघडलं. ते चौदा दिवस माझ्या टेबलावर पडून होतं.

कारण सांगतो, तुम्ही थुंका माझ्यावर. ६ तारखेला मला यशवंतपूर स्टेशनवर एका पाहुण्यांना सोडायला पाठवलं. समोर हुबळीची गाडी उभी होती. दारात एक माणूस हार्मोनियम मांडीवर घेऊन बसलेला, म्हणाला, "जागा आहे, ये." बसलो. त्याची नाटककंपनी होती. हुबळी, मग गदग, मग एका जत्रेत पडदे ओढले. फोन बंद ठेवला. मला असं होतं, अक्का, लहानपणापासून. एका जागी काही महिने झाले की मान आखडते. यात वाईट काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. माझी कुणीच कधी वाट बघत नव्हतं.

छापून आलंय. फितीसकट. चौकटीत मोठ्या अक्षरात तीच ओळ घेतलीय.

काल परत आलो तर वाटलं अण्णा हाकलतील. सुटका तरी होईल. ते म्हणाले, "आलास? चौथं प्रकरण घे." खोलीत नवा पंखा बसवून ठेवलाय.

गल्लीत कुणी वाचलं नसेल ना? पुरवणी कोण वाचतं?

मल्हार

——

होसकोटे
२७ फेब्रुवारी

मल्हार,

वाचतात. पुरवणीत वडे बांधून आले होते. रत्नाबाईच्या सुनेनं कागद उलगडला आणि नळावर मोठ्यानं वाचला. फितीपाशी आली आणि थांबली. बादली भरून वाहत होती, कुणी नळ बंद करेना.

रत्नाबाई म्हणाली, "अय्यो, हमालाच्या हाताला फीत? ह्याला कुणीतरी शिकवलंय."

मग मोजायला लागल्या. कोण लिहू शकत होती, कोणाचं माहेर बेंगळूरात, कोण बातमीच्या आधी कामावर यायची बंद झाली. शेवटचं सोयराबाईवर येऊन थांबलं. माझ्या शेजारची. तिची आई वारली म्हणून ती तेव्हा पंधरा दिवस आली नव्हती. तेवढं पुरलं.

सोयरा ब्लाऊज शिवते, त्यावर तिचं घर चालतं. दुसऱ्या दिवसापासून बाया कापड परत न्यायला लागल्या. कापलेलं, अर्धं शिवलेलं, तसंच. एकीनं तर बाह्या राहिलेला ब्लाऊज ओढून नेला आणि म्हणाली, "बाह्या दिल्लीहून शिवून आणीन."

सोयरा माझ्याकडे येऊन रडली. "शिवा, तुला तरी माहीत आहे ना मी नाही सांगितलं?"

मी म्हणाले, "स्वल्प खाऊन घे आधी."

मल्हार, मी असं म्हणाले. तिला भात वाढला. ती जेवली आणि मला म्हणाली, तू आहेस म्हणून बरं.

अण्णांना सांग. खरं सांगा, नाहीतर फितीचं चुकून छापलं म्हणून दोन ओळी द्या. काहीतरी करा. हिला सोडवा.

शिवलीला

——

राजाजीनगर
९ मार्च

अक्का,

अण्णा शुक्रवारी दिल्लीहून आले. मी दोन्ही पत्रं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली. तुमचं अक्षर त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं.

मी म्हणालो, "अण्णा, दोन ओळींची दुरुस्ती द्या."

"मी पेपरात एकोणीस वर्षं काढली रे. एक दुरुस्ती छापली की सकाळी फोन येतो, ‘साहेब, मग फीत कुणाला होती?’ मीच केला असता तो फोन."

"मग खरं सांगा."

"कुठून सुरू करू? टीव्हीपासून? पुरस्कारापासून? दोनदा लोकांनी मतं दिली, तिथपासून?" मग हसले, पण ते हसणं नव्हतं. "मल्हार, तेव्हा मला वाटलं होतं महिनाभरात सगळे विसरतील. दुसऱ्या महिन्यात सत्कार सुरू झाले. प्रत्येक सत्काराला वाटायचं, आज सांगू. समोर लोक हार घेऊन उभे असायचे."

"आणि सोयराबाई?"

"तिला आणि अक्काला यशवंतपूरला घर बघून देतो. गल्लीच सोडा म्हणावं."

मी म्हणालो मी पेपरात जातो. ते शांतपणे म्हणाले, "जा. काय सांगशील? फीत तू चढवलीस. तुझ्या हातचा कागद आहे. माझे लोक म्हणतील, बारावी नापास भटका पोरगा, नाटककंपनीत पळालेला, त्यानं मनचं घुसडलं." आणि मग अगदी घरच्यासारखं, "जेवलास का?"

अक्का, दार उघडं आहे. मला कुणी बांधलेलं नाही. बॅगही भरली. पण जिन्यात उभा राहिलो तर समजेना, मी गेलो तर सोयराबाईंच्या बाजूनं कोण उरतं.

तुम्ही सांगाल ते करतो. घराचं काय कळवू?

मल्हार

——

होसकोटे
१८ मार्च

मल्हार,

घर नको म्हणून सांग. गेलो तर सोयरानंच केलं हे कायमचं ठरेल.

रविवारी मी नळावर गेले. सगळ्या होत्या. बादली ठेवली आणि म्हणाले, "सोयराला सोडा. वही मी लिहिली. सांगणारी मी."

मला वाटलं मारतील. दगड, शिव्या, सगळ्याची तयारी करून गेले होते. सकाळी चांगली साडी नेसले नाही, फाटेल म्हणून.

त्या हसल्या, रे.

रत्नाबाईनं माझा हात धरला. "शिवलीला, तू किती मनाची मोठी! तिच्यासाठी स्वतःवर घेतेस? तुला कोण ओळखत नाही? तू तर सुपरवायझरपुढे तोंड उघडायची नाहीस." एक म्हणाली, "हिला देव मानायला हवं." मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. त्यांनी माझी बादली घरापर्यंत उचलून आणली.

आता मला नळावर पहिला नंबर देतात.

एकटीनं विश्वास ठेवला, सोयरानं. ती तिच्या दारातून सगळं ऐकत होती. संध्याकाळी मी गेले तर मशीनवर बसली होती, मशीनवर कापड नव्हतं. म्हणाली, "त्या दिवशी मी रडत होते, तू मला भात वाढलास." मी तिच्यापुढे जमिनीवर बसले. ती म्हणाली, "मी तो जेवले, शिवा." मग आत गेली.

तू पळू नकोस. पळालास तर ते म्हणतात तेच खरं ठरेल. तिथेच बस. कुणी विचारलं तर खरं सांग. कुणी विचारेपर्यंत बस. तुला जमणार नाही असं मला वाटतं, तरी लिहिते.

शिवलीला

——

राजाजीनगर
३१ मार्च

अक्का,

बसलो. तेरा दिवस. चौथं प्रकरण लिहिलं नाही, रोज सकाळी अण्णा विचारायचे, मी "उद्या" म्हणायचो. काल युगादीला खालून होळिगेचा, आपल्या पुरणपोळीचा, वास आला तेव्हाच खाली गेलो.

आज दुपारी त्यांच्या जुन्या पेपरातून एक मुलगी आली, स्मृती नावाची. पुरवणीतल्या प्रकरणावर मुलाखत हवी होती. अण्णा समोर, मी कोपऱ्यात. तिनं पंधरा मिनिटं दिल्लीचं विचारलं. मग वही बंद केली आणि म्हणाली, "सर, मी त्या कारखान्यातल्या एका जुन्या हमालाला भेटले. तो म्हणतो, हमालांना हॉलमध्ये सोडतच नव्हते. मग तुमच्या कड्यावर फीत कशी?"

अण्णांनी एक मोठं वाक्य सुरू केलं. देश, जनता, असं काहीतरी. ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "हे तुम्ही लिहिलंत ना? सर आत होते का?"

 मला हुबळीची गाडी आठवली, खरंच. मग म्हणालो, "नव्हते."

अण्णा उठले नाहीत, ओरडले नाहीत. मी त्यांच्याकडे बघूच शकत नव्हतो. स्मृतीनं वही उघडली आणि माझं पूर्ण नाव विचारलं. तेवढ्यात अण्णा कडक आवाजात तिला म्हणाले, "त्याचं नाव छापू नकोस. राहायला जागा नाही त्याला. एवढंही शिकवलं नाही का तुमच्या डेस्कवर?"

ती लाल झाली. म्हणाली, "सॉरी सर." मी त्या माणसाला चौदा महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं असं वाटलं.

मग तिनं विचारलं, "सर, तुम्ही नव्हतात तर आत कोण होतं?"

अण्णा म्हणाले, "ते मी तेव्हाही सांगितलं नव्हतं."

बस. त्यावर एक शब्द नाही. तिनं अर्धा तास प्रयत्न केला. ती गेल्यावर त्यांनी दिल्लीचा फोन उचलला नाही, वाजत राहिला. मला म्हणाले, "आता अक्का पुन्हा तिथेच अडकली, सोयरावरचा आळ तसाच राहिला, माहीत आहे मला. पण ते नाव माझ्या तोंडून निघत नाही रे. तेवढं एकच काम मी नीट केलंय."

मीही नाव दिलं नाही. ते मी द्यायचं नाही. पण स्मृतीला म्हणालो, गुरुवारी होसकोट्याला जा, तुमची गल्ली सांगितली, नळाजवळ थांब म्हणालो. ती पेपरची आहे, तिचं बाया ऐकतील. बातमी ती तोवर देणार नाही. कुणाच्या दारात जायचं ते तिला माहीत नाही. हे पत्र अण्णांच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, साध्या पाकिटात, अण्णांनीच त्याला पाठवलंय.

दार उघडायचं की नाही ते तुमचं.

मल्हार

——

होसकोटे
३ एप्रिल, दुपार

मल्हार,

घाईत लिहिते. ती आली. नळावर उभी होती, रत्नाबाई तिला पाणी देत होती. मी पुढे होऊन म्हणाले, "मला शोधतेस." 

माझ्या घरी नेली नाही. सोयराच्या दारात नेली. सोयरानं माझ्याकडे बघितलं नाही, पण दोन खुर्च्या आणून ठेवल्या आणि स्वतः मशीनवर बसली. गल्लीतल्या बाया ओट्याखाली उभ्या आहेत, आत यायला कुणी धजत नाही. मुलगी बॅगेतून वही काढतेय, तेवढ्यात हा कागद खरडतेय, अण्णांचा ड्रायव्हर आज पुन्हा आलाय, थांबलाय.

वही निघायच्या आधीच मी सुरुवात केली होती. पिंपाचं, कोमट पाण्याचं. खाली बघून पुटपुटत होते. सोयरा मशीनवरून न बघताच म्हणाली, "स्वल्प मोठ्यानं बोल. बाहेर ऐकू जाऊ दे."

शिवलीला